हाक मारून पाहा

पहिलं मूल दोन-अडीच वर्षांचं आणि चांगलंच हूड, दुसरं पोटात किंवा नुकतंच पाळण्यात. अशा घरात नावाचा शोध सुरू झाला की थोरल्याच्या स्वभावाचा हिशेब धाकट्याच्या नावात चुकता करायचा मोह हमखास होतो. थोरल्याचं नाव रुद्र, वीर, शौर्य असं काही असेल तर आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं निदान एकच: नावच तसं ठेवलंत, आता भोगा! मग धाकट्यासाठी सौम्या, प्रशांत, शांतनू अशी यादी निघते. सुरुवात चेष्टेत होते, पण बारशाला आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते तोवर त्या चेष्टेचं नाव झालेलं असतं. दोन लहान मुलांच्या धबडग्यात जे उमगतं त्यावरून नव्या आईबापांना माझं सांगणं एवढंच, की स्वभावावरचा उतारा म्हणून नाव निवडू नका. ते रोजच्या तोंडात आणि कानात कसं वागतं ते पाहून निवडा. घरात एक हूड मूल आधीच असेल तर ही परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

स्वभावाचं खापर नावावर फोडता येत नाही, याला चांगला आधार आहे. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने १९५६ मध्ये शंभरावर बाळांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली आणि ती मुलं मोठी होईपर्यंत तो सोडला नाही. बाळ किती हलतं, भूक-झोप ठरल्या वेळी लागते का, नवं माणूस दिसल्यावर ते पुढे झेपावतं की मागे सरतं, राग आणि आनंद किती जोरात दाखवतं, एखादी गोष्ट धरली की किती वेळ सोडत नाही, अशा नऊ बाबी ते पाहत. हे फरक पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतात आणि साधारण दहांतलं एक मूल त्यांनी केलेल्या ‘अवघड’ गटात मोडतं, असं त्यांना आढळलं. त्या नऊ बाबींत नावाला कुठे जागा नाही. याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवा. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात असं दिसलं, की स्वतःच्या नावाचा ध्वनी बाळं इतर नावांपासून वेगळा ओळखतात तो साडेचार महिन्यांच्या सुमारास. त्याचा अर्थ कळायला तर पुढे कित्येक वर्षं जावी लागतात. म्हणजे रुद्र नावाच्या बाळाला आपण रुद्र आहोत याचा पत्ता लागण्याआधीच ते अंगावरचं दुपटं लाथेने उडवून देऊ लागलेलं असतं. नाव सौम्य ठेवलं असतं तरी दुपट्याची गत तीच झाली असती.

यावर कुणी म्हणेल, मग नावाचा परिणाम काहीच नाही का? आहे, आणि तोच धोक्याचा आहे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये प्रशासनाने पुढाकार घेऊन ‘नकोशी’, ‘नकुशी’ अशी नावं असलेल्या दोनशेहून अधिक मुलींची नावं समारंभाने बदलली. त्या मुलींच्या स्वभावात नावाने काही घातलं नव्हतं. घरच्यांनी त्यांच्याकडे कसं पाहिलं हे मात्र त्या नावाने हाक मारणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. आपल्याकडे मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी नावं ठेवण्याची रीत होती. त्यातली भीती खरी होती, माया खरी होती, तरी ते नाव मुलाला जन्मभर वागवावं लागेच. (धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले याचं श्रेय कुणी त्या नावाला देत नाही, हा भाग वेगळा.) नावामागे आईबापांची कोणती धास्ती होती, हे मुलांना आज ना उद्या कळतंच. ‘तू असा होतास ना, म्हणून तिचं नाव शांती ठेवलं’ ही गोष्ट घरात दहा वर्षं कौतुकाने सांगितली जाते. ज्याच्याबद्दल सांगितली जाते त्याला ती पहिली काही वर्षं गंमत वाटते, पुढे तशी वाटत नाही. आणि शांतीने तिसऱ्या वर्षी जमिनीवर लोळण घेतली, की तिच्या वाट्याला आणखी एक टोमणा येतो. दोघांवरही न केलेल्या गुन्ह्याचा शिक्का बसतो.

आता हाकेकडे येऊ, कारण नावाचा खरा वापर तिथे होतो. दृश्य घरोघरी सारखं असतं. आईचे दोन्ही हात कणकेत, आणि बाईसाहेबांनी प्लास्टिकचं स्टूल ओढत खिडकीपाशी नेलेलं. एक पाय स्टुलावर, दुसरा गजांवर. या क्षणी आईजवळ एक श्वास असतो. त्या श्वासात नाव पूर्ण बसलं पाहिजे, लांब गेलं पाहिजे आणि ऐकणाऱ्याचं डोकं वळलं पाहिजे. ‘मीरा’, ‘ईशा’, ‘राघू’ या नावांचा शेवटचा स्वर हवा तेवढा लांबवता येतो. ‘मृण्मय’, ‘ऋत्विज’, ‘अक्षज’ ही नावं निमंत्रणपत्रिकेवर सुंदर दिसतात, पण ओरडायला घेतली की जोडाक्षरावर अडखळतात आणि शेवटी तोंड मिटून जातं. असं नाव ठेवू नका असं मी म्हणणार नाही. मात्र ते ठेवलंत तर हाकेचं दुसरं नाव आपोआप तयार होणार हे धरून चाला. म्हणून यादीतलं प्रत्येक नाव बंद खोलीत कुजबुजून न पाहता जिन्याच्या खालून वर ओरडून पाहावं. लाज वाटली तर ते नाव पुढची पाच वर्षं रोज तसंच ओरडायचं आहे, याची आठवण ठेवावी.

हाकेचं बळ जपावंही लागतं. एका कानात एक संदेश आणि दुसऱ्यात दुसरा ऐकवून, एकाकडेच लक्ष द्या असं सांगितलं, तरी नको असलेल्या कानातल्या आवाजात आपलं नाव आलं की साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू जातं, हे नेव्हिल मोरे यांनी १९५९ साली दाखवलं. बाकी सगळं बंद असताना जी एक खिडकी उघडी राहते, ती मुलाच्या नावाची. हूड मुलाच्या घरात हीच खिडकी आपण सर्वांत आधी बंद करतो. सकाळपासून रात्रीपर्यंत ‘अमेय नको’, ‘अमेय सोड’, ‘अमेय, किती वेळा सांगितलं’ असा जप चालला की नाव म्हणजे कटकटीची सूचना होऊन बसते आणि मूल ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकतं. यावर उपाय फार मोठा नाही. रोखायचं असेल तेव्हा काय करायचं ते आधी सांगावं: ‘खाली उतर’, ‘कात्री माझ्या हातात दे’. नाव राखून ठेवावं ते जेवायला बोलावताना, कुशीत घेताना, पावसाकडे बोट दाखवताना आणि खरोखरच्या संकटात. धाकट्याचं नाव शोधण्याच्या नादात थोरल्याचं नाव गुळगुळीत होऊ देऊ नये, हे मला नव्या नावाच्या निवडीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्या नावाबद्दल लोक एक हट्ट धरतात: भावंडांची नावं जोडीची हवीत. आरव असेल तर आरोही, श्रेयस असेल तर श्रेया. हौस म्हणून समजण्याजोगं आहे, पण दोन नावांचा पहिला ध्वनी एकच असला की गडबड ठरलेली. आईबाप एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतात तेव्हा नेमकं काय होतं यावर अमेरिकेत २०१३ आणि २०१६ साली अभ्यास प्रसिद्ध झाले. ही चूक बहुतेक वेळा घरातल्या माणसांच्या नावांतच घडते आणि नावं ऐकायला सारखी असली की वाढते, असं त्यांत दिसलं. शांत मुलांच्या घरात ही चूक हसण्यावारी जाते. हूड मुलाच्या घरात ‘आरव, थांब’ म्हणायच्या जागी ‘आरो...’ निघतं आणि तेवढ्यात पाण्याचा हंडा आडवा होतो, किंवा न केलेल्या उद्योगाबद्दल धाकटीला ओरडा बसतो. जोडीच हवी असेल तर ती अर्थात साधावी. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही भावंडं पाहा. अर्थाने चारही नावं एका वाटेवरची, पण हाक मारली तर एकाचा दुसऱ्याशी घोळ होणं शक्य नाही. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना हे मुद्दाम सुचलं असेल असा माझा दावा नाही. चांगला नमुना म्हणून तो घरातल्या घरात उपलब्ध आहे एवढंच.

राहिला प्रश्न लाडक्या नावाचा. ते आईबाप ठरवत नाहीत, घरातलं लहान तोंड ठरवतं. टिळकांचं जन्मनाव केशव होतं. घरात ‘बाळ’ म्हणत, आणि इतिहासाने बाळ गंगाधर टिळक असंच लिहिलं. मुरलीधर देवीदास आमटे यांना लहानपणी ‘बाबा’ म्हणत आणि पुढे सगळा देश तेच म्हणू लागला. अडीच वर्षांच्या मुलाला ‘र’ नीट येत नाही, तो ‘ल’ होतो. जोडाक्षराचा अर्धा भाग गळतो. म्हणून निवडलेली दोन-तीन नावं थोरल्याच्या तोंडून म्हणवून घ्यावीत. ‘प्रार्थना’चं काय होतं ते ऐकावं. पुढे मित्र ‘-या’ लावणार, गणेशचा गण्या आणि प्रकाशचा पक्या करणार, तीही चव आधीच घेऊन ठेवावी. पुष्कळ जण याच्याही पुढे जाऊन सुचवतात, की नावच थोरल्याला ठरवू द्या, म्हणजे मत्सर कमी होईल. हेतू चांगला आहे, पण मोकळा प्रश्न विचारलात तर उत्तर ‘ट्रॅक्टर’ येईल आणि ते नाकारलंत की मूल तासभर आकांत करील, त्यात त्याची काही चूक नसेल. तुम्हाला दोन्ही चालणार असतील अशी दोनच नावं त्याच्यापुढे ठेवा आणि ‘यातलं कुठलं म्हणून हाक मारू या?’ असं विचारा. तेवढ्याने त्याचा मान राहतो आणि तुमचा निर्णय तुमच्याकडेच राहतो.

पत्रिकेतल्या अक्षरावरून घरात दोन तट पडतात, त्यावर फार वेळ घालवू नये. परंपरेत नामकरण होतं ते देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशा चार नावांनी. नक्षत्राचं अक्षर नाक्षत्रनावाला लागू आहे; रोजच्या नावाला ते बंधन मुळातच नव्हतं. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण मिळून १०८ अक्षरं होतात. त्यांत आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्या चरणाला ‘ञ’ येतो. त्या अक्षरांचं नाव शोधून दाखवा म्हटलं की बहुतेक वाद थंडावतात. अर्थाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. हाकेला चांगलं असलेलं नाव अर्थाने पोकळ असू नये. फिरत्या याद्यांत कुठल्याही तीन अक्षरांना ‘विष्णूचं एक नाव’ म्हणून चिकटवलेलं असतं, तेव्हा आपट्यांचा संस्कृत कोश उघडून शब्द खरंच सापडतो का ते पाहून घ्यावं.

घाई करायचं कारण बारशाची तारीख हेच असतं, आणि हूड मूल सांभाळत रात्री अकरा वाजता घेतलेले निर्णय बहुधा थकव्याने घेतलेले असतात. कायदा इतकी घाई करत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. पण १९६९ च्या कायद्याप्रमाणे ती बाळाच्या नावाशिवाय करता येते. नाव वर्षाच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र सोपं नाही, राजपत्रापर्यंत जावं लागू शकतं. आधारमध्ये तर नावातला बदल जन्मात दोनदाच मिळतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मतारखेचा पुरावा जन्मदाखलाच आहे, त्यामुळे त्यावर चुकीचं नाव जाण्यापेक्षा ती जागा महिनाभर रिकामी राहिलेली बरी. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणून चारही शब्द एका दमात म्हणून पाहावेत. रुग्णालयातून घरी सोडताना नोंदणीचा अर्ज समोर येतो तेव्हा बाळाच्या नावाचा रकाना कोरा सोडावा. आईच्या आणि वडिलांच्या नावांची स्पेलिंगं मात्र त्यांच्या स्वतःच्या कागदांशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावीत, आणि मगच सही करावी.