इंग्रजी क्रियापदांचे प्रकार : माध्यमिक वर्गातील अध्यापन

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला क्रियापदाचे प्रकार विचारले, तर व्याख्या बहुधा बिनचूक मिळते. ‘ज्या क्रियापदाला कर्म लागते ते सकर्मक’ हे वाक्य आठवीचा विद्यार्थी सहज म्हणून दाखवितो. त्याच विद्यार्थ्याला ‘काल तो बाजारात गेला का?’ एवढेच वाक्य इंग्रजीत लिहावयास सांगितले, तर वहीत ‘डिड ही वेन्ट टू द मार्केट?’ असे उत्तर उतरते. व्याख्या पाठ आणि वाक्य चूक, ही स्थिती अनेक वर्गांत दिसते. ज्या घरात इंग्रजी जाणणारे कोणी नाही, त्या घरातील मुलाला ही उणीव भरून काढण्यास शाळेखेरीज दुसरी जागा नसते. म्हणून क्रियापदांचे प्रकार कशासाठी शिकवावयाचे, याचा विचार प्रथम होणे अगत्याचे आहे.

क्रियापदाचा प्रकार म्हणजे शब्दावर कायमचा उमटविलेला शिक्का नव्हे. वाक्यात तो शब्द जे काम करीत असतो, त्या कामाचे ते नाव आहे. हे काम ओळखण्याची शक्ती मराठी बोलणाऱ्या मुलाजवळ शाळेत येण्यापूर्वीच असते. शिक्षकाने तिचा उपयोग करून घ्यावयाचा असतो.

मातृभाषेतील भांडवल

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ मध्ये. सकर्मक, अकर्मक, कर्तरी प्रयोग, कर्मणी प्रयोग या संज्ञा मराठीच्या तासाला मुलांच्या कानांवरून गेलेल्या असतात. इंग्रजीच्या शिक्षकाने तेथूनच आरंभ करावा.

फळ्यावर दोन वाक्ये लिहावी : ‘राम आला’ आणि ‘रामाने आंबा खाल्ला’. दुसऱ्या वाक्यात ‘ने’ का आला, असे विचारावे. मग आंब्याच्या जागी चिंच व केळे घालावे. ‘रामाने चिंच खाल्ली’, ‘रामाने केळे खाल्ले’. साध्या भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, हे मूल बोलताना कधी चुकत नाही. सकर्मक म्हणजे काय, हे त्याच्या जिभेला ठाऊक आहे. ‘विसरणे’ व ‘शिकणे’ यांसारखे अपवाद आहेत. ‘राम पाठ विसरला’ या वाक्यात कर्म असूनही ‘ने’ नाही. असे अपवाद मुलांकडूनच शोधून घ्यावे. त्यायोगे खूण आणि नियम यांतील भेद त्यांस कळतो.

यानंतर इंग्रजी वाक्ये द्यावी : ‘राम एट अ मँगो’, ‘सीता एट अ बनाना’. येथे खाणारा बदलो वा खाद्य बदलो, ‘एट’ हे रूप तेच राहते. महाराष्ट्राबाहेरील शाळांत या ठिकाणी शेजारच्या भाषेचे साहाय्य घेता येते. गोव्यातील कोंकणी, बडोद्यातील गुजराती, इंदूर व ग्वाल्हेर येथील हिंदी यांत भूतकाळातील सकर्मक क्रियापद मराठीप्रमाणेच कर्माकडे वळते. बेळगावच्या मुलाच्या कानांवर पडणारी कानडी मात्र कर्त्यामागे जाते. ‘रामनु हण्णु तिंदनु’, ‘सीते हण्णु तिंदळु’ या वाक्यांत फळ तेच असून कर्ता बदलताच क्रियापद बदलले आहे. हैदराबादेतील तेलुगूचीही रीत अशीच आहे. क्रियापद कर्माकडे न पाहणारी भाषा त्या मुलांना अपरिचित नाही, एवढे दाखवून दिले तरी इंग्रजीची ही तऱ्हा त्यांस विचित्र वाटत नाही.

रूप तेच, जागा वेगळी

मराठीत ‘घंटा वाजली’ आणि ‘शिपायाने घंटा वाजविली’ अशी दोन निराळी क्रियापदे येतात. मडके फुटते आणि कोणी ते फोडतो. दोरी तुटते आणि कोणी ती तोडतो. इंग्रजीत बहुधा एकच शब्द दोन्ही कामे करतो. ‘द बेल रँग’ आणि ‘द पीअन रँग द बेल’. ‘द पॉट ब्रोक’ आणि ‘द बॉय ब्रोक द पॉट’. तेव्हा ‘रिंग’ सकर्मक की अकर्मक, हा प्रश्न वाक्यावाचून विचारणेच अयोग्य होय. क्रियापदानंतर कर्म आले की तो सकर्मक, न आले की अकर्मक. मराठीत जे काम रूप व प्रत्यय करतात, ते इंग्रजीत शब्दाची जागा करते.

मराठीसारख्या जोड्या इंग्रजीतही थोड्या आहेत. ‘राइज’ म्हणजे वर येणे, ‘रेज’ म्हणजे वर करणे. सूर्य ‘राइज’ होतो, विद्यार्थी हात ‘रेज’ करतो. या जोड्या वेगळ्या लक्षात ठेवाव्या लागतात.

काही क्रियापदांना दोन कर्मे लागतात. ‘गुरुजींनी मुलीला पुस्तक दिले’ यातील ‘ला’ मुलीचे नाते स्पष्ट करतो. ‘द टीचर गेव्ह द गर्ल अ बुक’ यात तसा प्रत्यय नाही. ज्याला दिले तो आधी आणि जे दिले ते नंतर, हा क्रमच प्रत्ययाचे काम करतो. क्रम उलटला की ‘टू’ घालावा लागतो : ‘द टीचर गेव्ह अ बुक टू द गर्ल’.

कर्म आणि पूरक

कर्म ओळखण्यासाठी ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असे विचारावे, ही युक्ती उपयोगी असली तरी पुरेशी नाही. ‘ही बिकेम अ डॉक्टर’ या वाक्यात ‘काय झाला?’ असे विचारता ‘डॉक्टर’ हे उत्तर येते, आणि विद्यार्थी त्यास कर्म ठरवितो. वस्तुतः तो व डॉक्टर ही एकच व्यक्ती आहे. ‘ही कॉल्ड अ डॉक्टर’ यात मात्र व्यक्ती दोन आहेत. पहिल्यात डॉक्टर हे पूरक असून दुसऱ्यात ते कर्म आहे. दुसऱ्या वाक्याचा कर्मणी प्रयोग होतो, पहिल्याचा होत नाही.

‘बी’, ‘बिकम’, ‘सीम’ ही अशी जोडणारी क्रियापदे होत. ‘लुक’, ‘स्मेल’, ‘टेस्ट’, ‘फील’ हीही पुष्कळदा तेच काम करतात आणि तेव्हा त्यांच्यापुढे विशेषण येते. ‘द मिल्क स्मेल्स बॅड’ हे वाक्य याच कारणाने शुद्ध आहे.

साहाय्यक क्रियापदे

सर्वाधिक चुका येथे घडतात. ‘राम शाळेत आहे’ यात ‘आहे’ मुख्य क्रियापद आहे, ‘राम जात आहे’ यात ते साहाय्यक आहे. इंग्रजीतील ‘बी’ची रूपे हीच दोन कामे करतात : ‘राम इज इन स्कूल’, ‘राम इज गोइंग’. ही जोडी शेजारी शेजारी लिहिली म्हणजे ‘आय ॲम गो’ ही चूक मुलाला स्वतःच दिसू लागते.

प्रश्न व नकार यांसाठी मराठीत ‘का’ आणि ‘नाही’ पुरेसे होतात. इंग्रजीत दुसरे साहाय्यक नसल्यास ‘डू’ आणावे लागते, आणि काळाचे ओझे तेच उचलते. काळाची खूण एकदा ‘डिड’वर चढली की मूळ क्रियापद मोकळे होते; म्हणून ‘डिड ही गो?’. ‘डज’मध्ये ‘एस’ गेला की पुढे ‘गोज’ उरत नाही. म्हणून ‘डज ही गो?’. एका वाक्यात ही खूण एकदाच, हे सूत्र ध्यानात राहिले तर आरंभी दाखविलेली चूक टळते.

‘कॅन’, ‘कुड’, ‘शॅल’, ‘शुड’, ‘विल’, ‘वुड’, ‘मे’, ‘माइट’, ‘मस्ट’ ही नऊ क्रियापदे शक्यता, परवानगी, कर्तव्य इत्यादी भाव दाखवितात. त्यांना ‘एस’ लागत नाही, त्यांच्यापुढे ‘टू’ येत नाही आणि त्यांच्यामागून मूळ रूपच येते.

‘मला’ने आरंभ होणारी वाक्ये

‘मला आंबा आवडतो’, ‘मला समजते’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यांत मराठी माणूस स्वतःला ‘मला’ म्हणतो. इंग्रजीत तेथे ‘आय’ येतो : ‘आय लाइक मँगोज’, ‘आय अंडरस्टँड’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’. शिवाय ‘मला माहीत आहे’ यातील ‘आहे’ पाहून ‘आय ॲम नोइंग’ असे लिहिले जाते. ‘नो’, ‘लाइक’, ‘नीड’ ही स्थिती सांगणारी क्रियापदे असल्याने सामान्यतः चालू काळात येत नाहीत. या वाक्यांची स्वतंत्र यादी वर्गात लावून ठेवणे हितावह ठरते.

नियमित आणि अनियमित रूपे

नियमित क्रियापदाच्या ‘ईडी’चा उच्चार तीन प्रकारे होतो : ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टेड’. तो मोठ्याने म्हणवून घ्यावा. अनियमित क्रियापदे वर्णानुक्रमाने पाठ करवून घेण्याऐवजी रूपांच्या गटाने द्यावी : ‘कट, कट, कट’, ‘टीच, टॉट, टॉट’, ‘कम, केम, कम’, ‘राइट, रोट, रिटन’. नित्याच्या उपयोगातील चाळीस-पन्नास क्रियापदे अशा रीतीने वर्षभरात आत्मसात होऊ शकतात.

अध्यापनाचा क्रम

प्रथम मुख्य व साहाय्यक हा भेद, नंतर सकर्मक व अकर्मक, त्यानंतर पूरक घेणारी क्रियापदे, आणि शेवटी भावदर्शक क्रियापदे असा क्रम सोयीचा पडतो. रूपांची उजळणी मात्र प्रत्येक तासाला पाच मिनिटे चालू ठेवावी. प्रत्येक पाठात आधी मराठी वाक्य, मग इंग्रजी वाक्य, नंतर दोहोंतील फरक आणि सर्वांत शेवटी व्याख्या यावी. परीक्षेतही ‘व्याख्या द्या’ याऐवजी ‘हेच क्रियापद दोन कामांसाठी वापरून दोन वाक्ये लिहा’ असा प्रश्न असावा. गृहपाठासाठी घरातील व शेतातील कामे घ्यावी. पाणी भरणे, दार उघडणे, गाय दोहणे या क्रिया मुलाच्या परिचयाच्या असतात, त्यामुळे त्याचे लक्ष वाक्यरचनेवर राहते.

पालकांनाही यात वाटा उचलता येतो. इंग्रजी येत नसले तरी मुलाने लिहिलेल्या वाक्याचा मराठी अर्थ त्याच्याकडून ऐकणे कोणत्याही घरात शक्य आहे. अर्थ सांगताना मूल अडखळले, तर ते वाक्य दुसऱ्या दिवशी शिक्षकांना दाखविण्यास सांगावे. इंग्रजीच्या भीतीने शिक्षणाकडे पाठ फिरविणाऱ्या मुलाला, तिच्या व्याकरणाचा मोठा भाग आपल्या बोलण्यातूनच उलगडतो, हे एकदा समजणे फार मोलाचे आहे.