न मागितलेला सल्ला आणि मतभेदाची अदब

निवडणुका जवळ आल्या की आपल्या घराघरांत राजकारणाची चर्चा सुरू होते. चर्चा वाईट नव्हे. समाजाच्या भल्याबुऱ्याची चिंता करणे ईमानाला साजेसेच आहे. परंतु थोड्याच वेळात चर्चेचा वाद होतो, वादाचे भांडण होते आणि मत कोणाला द्यावे एवढ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांना ‘विकला गेलेला’, ‘कौमचा गद्दार’ ठरवून मोकळे होतात. पुढे ईदच्या दिवशीही गळाभेट टळते. प्रत्येकाचा दावा मात्र एकच असतो : मी तर केवळ नसीहत केली! म्हणून नसीहत म्हणजे काय आणि तिची अदब कोणती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नसीहतचा अर्थ

ह. तमीम दारी (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दीन म्हणजेच नसीहत असे सांगितले आणि तिच्या कक्षेत मुस्लिमांचे नेते व सामान्य जन या दोघांनाही घेतले (सहीह मुस्लिम). अरबी भाषेत या शब्दाला निर्मळपणाचा, भेसळ नसण्याचा अर्थ आहे. ज्या सल्ल्यात स्वतःचा मोठेपणा किंवा समोरच्याला हरविण्याची हौस मिसळली, तो नावापुरताच नसीहत उरतो.

कोणी सल्ला मागितला तर तो प्रामाणिकपणे देणे हा मुस्लिमाचा मुस्लिमावरील हक्क आहे. त्याचबरोबर ज्याच्याशी आपला संबंध नाही ते सोडून देणे, हे माणसाच्या इस्लामचे सौंदर्य असल्याचेही प्रेषितांनी (स.) शिकविले आहे (तिर्मिजी). या दोन्ही शिकवणी एकत्र पाहिल्या तर स्पष्ट होते की न मागितलेला सल्ला निषिद्ध नाही, मात्र तो देण्यापूर्वी थांबणे आवश्यक आहे.

हुदैबियाचा प्रसंग

हिजरी 6, म्हणजे इसवी सन 628. सुमारे 1400 सहाबा उमऱ्याच्या इराद्याने निघाले होते. कुरैशांनी त्यांना हुदैबिया येथे अडविले आणि शेवटी तह ठरला. त्याच्या अटी वरकरणी अपमानास्पद होत्या : या वर्षी उमरा न करता परतावे; मक्केहून कोणी पळून मदीनेस आला तर त्याला परत पाठवावे, मदीनेहून मक्केस गेलेल्याला मात्र परत मिळणार नाही. तह लिहिला जात असतानाच बेड्यांत जखडलेले ह. अबू जंदल (रजि.) तेथे येऊन पोहोचले. कुरैशांचा प्रतिनिधी सुहैल बिन अम्र हा त्यांचाच पिता होता. त्याने त्यांना परत मागितले.

यापेक्षा जळजळीत राजकीय प्रश्न कोणता असेल? ह. उमर (रजि.) यांना राहवले नाही. आपण सत्यावर असताना ही मानहानी का पत्करावी, असे त्यांनी प्रेषितांनाच (स.) विचारले आणि मग ह. अबू बक्र (रजि.) यांनाही. दोघांनी शांतपणे उत्तर दिले. कोणी उमर (रजि.) यांच्या ईमानावर बोट ठेवले नाही. आणि उमर (रजि.) यांनीही वेगळा गट उभा केला नाही, उलट त्या बोलण्याची भरपाई म्हणून पुढे आपण अनेक सत्कर्मे केली, असे ते स्वतः सांगत.

तहानंतर प्रेषितांनी (स.) कुर्बानी करून मुंडण करण्यास सांगितले, पण दुःखाने सुन्न झालेल्या लोकांपैकी कोणीच उठले नाही. प्रेषित (स.) तंबूत गेले आणि ह. उम्मे सलमा (रजि.) यांना हे सांगितले. त्यांनी आधी विचारले की आपल्याला तसे व्हावे असे वाटते का, आणि मगच सुचविले की बाहेर जाऊन कोणाशी एक शब्दही न बोलता आपण स्वतःची कुर्बानी करावी व मुंडण करवून घ्यावे. प्रेषितांनी (स.) तसेच केले आणि पाहता पाहता सर्व सहाबा उठले (सहीह बुखारी). परतीच्या वाटेवर सूरह अल्-फत्ह अवतरली आणि ज्या तहाने मने खचली होती, त्याला अल्लाहने उघड विजय म्हटले.

या प्रसंगातून काय शिकावे?

पहिले, सल्ल्याआधी विचारणा. उम्मे सलमा (रजि.) यांनी प्रथम इच्छा जाणून घेतली. बद्रच्या वेळी ह. हुबाब बिन मुंजिर (रजि.) यांनीही तळाची जागा वह्यीने ठरली की युद्धनीती म्हणून, हे आधी विचारले आणि मगच पाण्याजवळ सरकण्याचे सुचविले, असे सीरतकार सांगतात.

दुसरे, एकांत आणि नेमकेपणा. सल्ला तंबूत दिला गेला, चारचौघांत नव्हे. त्यात दोषारोप नव्हता, फक्त पुढचे पाऊल होते.

तिसरे, नियतीवर हल्ला नाही. सूरह अल्-हुजुरात (49:11-12) टिंगल, वाईट टोपणनावे, संशय, हेरगिरी आणि गीबत या सर्वांना मनाई करते. आपल्या देशात मतदान गुप्त असते. भावाने मत कोणाला दिले हे खोदून काढणे याच मनाईत मोडते. वाद झाला की मर्यादा सोडणे हे तर मुनाफिकाचे लक्षण सांगितले आहे (बुखारी, मुस्लिम).

सौम्यता म्हणजे मौन नव्हे

अदबीच्या नावाखाली अन्याय गिळावा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. अल्लाहने ह. मूसा व ह. हारून (अलै.) यांना फिरऔनकडे पाठविताना सौम्यपणे बोलण्याची आज्ञा दिली (20:44), पण बनी इस्राईलला मुक्त करण्याची मागणी त्यांनी तसूभरही कमी केली नाही. शब्द मऊ होते, मागणी ठाम होती. आणि आपला भाऊ काही फिरऔन नाही!

वाचक बंधु-भगिनींनो, पुढच्या वेळी घरात असा विषय निघाला तर बोलण्याआधी स्वतःला विचारा : हे मला विचारले गेले आहे काय? हे खरे असल्याची मी खात्री केली आहे काय? हे एकांतात सांगता येईल काय? आणि यामागे त्याचे हित आहे की माझा विजय? उत्तर समाधानकारक नसेल तर गप्प राहण्यात हार नाही. आपण खरे असूनही जो वाद सोडून देतो, त्याला जन्नतच्या परिसरात घर मिळण्याची हमी प्रेषितांनी (स.) दिली आहे (अबू दाऊद). निवडणुका येतील आणि जातील. तुटलेले नाते सांधायला मात्र आयुष्य अपुरे पडते.

अल्लाह आपल्या जिभेला सत्याची आणि आपल्या मनाला नरमाईची तौफीक देवो. आमीन.