नदीमुखावरील नौकाविहार : तिथी, वारा आणि सावधगिरी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कर्ली नदी अरबी समुद्राला मिळते तेथे, एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस खाडी अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर देवबाग हे गाव वसले असून, शेजारच्या तारकर्लीसह हा परिसर नौकाविहार आणि जलक्रीडांसाठी प्रसिद्ध आहे. होड्यांचे धक्के खाडीकडे असल्याने पाणी संथ दिसते आणि पर्यटक केवळ दर व परतीच्या गाडीची वेळ पाहून संगमाची फेरी ठरवतो. प्रस्तुत लेखकाचा अनुभव मात्र असा की, येथे सर्वांत आधी पाहावी ती भरती-ओहोटीची वेळ.

तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची स्थूल वेळ मिळते, हा कोकणातील जुना आडाखा आहे. त्यानुसार अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास येते. या दोन तिथींच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाण्याची चढउतार सर्वाधिक असते; साहजिकच दुपारी एक ते चारच्या दरम्यान ओहोटीचे पाणी वेगाने समुद्राकडे धावते आणि नेमक्या त्याच वेळी समुद्रावरून येणारा खारा वारा जोर धरतो. प्रवाह आणि वारा समोरासमोर आले, की मुखाजवळच्या उथळ वाळूवर लाटा आखूड व उभ्या होतात.

अशाच एका पौर्णिमेच्या दुपारी प्रस्तुत लेखक बसलेली होडी खाडीत स्थिर चालली होती, परंतु मुखाशी येताच तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलून आदळू लागली. खांद्यावर नुसती अडकवलेली जीवरक्षक जॅकेटे प्रवाशांनी तेव्हा बांधायला घेतली आणि ओल्या बोटांनी कोणालाच बंद नीट लावता येईनात. नावाड्याने होडी वेळीच वळवली म्हणून प्रसंग निभावला.

यावरून काही नियम सांगता येतात. उधाणाच्या दिवसांत संगमाची फेरी सकाळी, चढत्या पाण्यावर करावी. धक्क्याच्या खांबांवरील ओला पट्टा उघडा पडला असेल आणि नांगरलेल्या होड्यांची तोंडे नदीच्या वरच्या अंगास असतील, तर ओहोटी सुरू आहे असे समजावे. जॅकेट मापाचे असावे व त्याचे सर्व बंद धक्क्यावरच आवळावेत. नदीतील वाळूच्या बेटांवर उतरल्यास कडेला जाऊ नये, कारण तेथील वाळू ढासळते व लगतचे पाणी एकदम खोल होते. साधारणपणे 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात राज्यातील जलक्रीडा बंद ठेवल्या जातात, त्या अवधीत कोणी होडी सोडण्याची तयारी दाखवली तरी बसू नये. मे 2022 मध्ये, हंगाम संपण्याच्या बेतात असताना, तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता.

नावाड्याने ‘आज मुखाकडे नको’ म्हटले, तर पैशांसाठी त्याच्याशी हुज्जत घालू नये; खाडीतलीच फेरी आनंदाने करावी.