मोटा मोबिल आणि झाशीचा मे महिना

आमच्या झाशीत इंजिन ऑइलला ‘मोबिल’ म्हणतात, मग डब्यावर नाव कुणाचंही असो. मोबिलचे प्रकार दोनच: मोटा आणि पतला. उन्हाळ्यात मोटा घालायचा, हिवाळ्यात असेल तो चालवून घ्यायचा. वडिलांची अ‍ॅम्बेसेडर या शास्त्रावर वीस वर्षं चालली. म्हणून २०२१ साली मी तीन वर्षं वापरलेली एक जर्मन डिझेल सेडान घेतली, तेव्हा तिलाही तेच शास्त्र लावलं. त्यानंतर जे शिकलो ते खाली देतो आहे. शिकवणीची फी बरीच भरली.

१. ऊन बाहेर असतं, तेल आत असतं.

मे २०२४ च्या अखेरीस इथे पारा ४९ अंशांवर गेला होता. उभ्या गाडीचं दार रुमाल धरून उघडावं लागे. अशा दिवसांत मिस्त्री म्हणतो, ‘भाईसाहब, इस गर्मी में पतला तेल तो पानी हो जाएगा’, आणि घाम पुसता पुसता आपल्याला ते पटतंही. पण चालत्या इंजिनातलं तेल ४९ अंशांवर नसतंच. ते शंभराच्या आसपास असतं, हायवेवर ओझं पडलं की १२० पर्यंत जातं, टर्बोच्या बेअरिंगपाशी त्याहून बरंच वर. इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट साधारण ९० ते १०५ अंशांच्या पट्ट्यात धरून ठेवतो, झाशीत काय आणि म्युनिकमध्ये काय. बाहेरच्या उन्हाची झळ तेलापर्यंत पोचते ती फार थोडी.

उन्हाचा खरा मार बसतो रेडिएटरला. पाणी १०० अंशांवर आणि बाहेर २५ असेल तर फरक ७५ चा. बाहेर ४५ झालं की उरतो ५५. उष्णता बाहेर टाकण्याची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटते. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला, तो आपला गरम वारा मागे ढकलतो. म्हणून आता मार्चमध्ये तेलाची चर्चा करण्याआधी मी या दोन्ही जाळ्या धुऊन घेतो आणि कूलंट बघतो. काटा चढत असेल तर घट्ट तेल घालून तो उतरत नाही.

२. इंजिनाला मे महिन्यातली सकाळही थंडच वाटते.

‘५डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. मी कित्येक वर्षं तो ‘वेट’चा समजत होतो. पहिला आकडा तेल गारठ्यात किती सहज हलतं ते सांगतो, दुसरा १०० अंशांवर ते किती घट्ट राहतं ते. मोजमाप सेंटिस्टोक्समध्ये: ३० चं तेल ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३, ५० चं १६.३ ते २१.९.

झाशीत बर्फ पडत नाही, मग ५डब्ल्यू कशाला? मलाही हाच प्रश्न पडायचा. तर ४० अंशांवर ५डब्ल्यू-३० साधारण ७० सेंटिस्टोक्स भरतं आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केली की तेल तळातून वर कॅमशाफ्टपर्यंत आणि टर्बोपर्यंत चढायला काही क्षण लागतात. इंजिनाची झीज या वेळेत जास्त होते. म्हणजे ज्याला आम्ही उन्हाळ्याचं तेल म्हणत होतो, ते रोज सकाळी उशिरा पोचत होतं.

३. मोठ्या आकड्यांखालची बारीक अक्षरं वाचा.

माझी खरी चूक इथे झाली. ट्रकांची कामं करणाऱ्या एका गॅरेजमध्ये मी सलग तीन वेळा १५डब्ल्यू-४० भरून घेतलं. ते ट्रकचं तेल होतं आणि ट्रकसाठी चांगलंच होतं. पण माझ्या गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारी जाळी आहे. काजळी तिथे साठते आणि अधूनमधून जळून जाते. तेलातल्या धातूंच्या क्षारांची राख मात्र जळत नाही, ती तिथेच बसते. अशा गाड्यांसाठी कमी राखेचं तेल असतं: एसीईए या युरोपियन वाहननिर्मात्यांच्या संघटनेच्या सी३ वर्गात राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. माझ्या ट्रकवाल्या तेलात ती याच्या दुपटीच्या घरात. २०२३ मध्ये डीपीएफचा पिवळा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, मग विझेनाच. जाळी काढून साफ करावी लागली. बिलाचा आकडा घरी अजून खरा सांगितलेला नाही; एक बरी स्कूटर आली असती.

पुण्याचा मावसभाऊ चाकणला वाहन उद्योगात आहे. फोनवर तो एवढंच म्हणाला, ‘दादा, गाडीचं पुस्तक एकदा तरी उघडलंयस का?’ नव्हतं उघडलं. पुस्तकात तेलाच्या घट्टपणाआधी एक मान्यता क्रमांक दिलेला असतो. मर्सिडीजचे एमबी २२९.५१, २२९.५२, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४, ऑडी-फोक्सवॅगनचा ५०४ ००/५०७ ००. हा क्रमांक डब्याच्या मागच्या बाजूला छापलेला हवा. ‘युरोपियन गाड्यांसाठी योग्य’ असली मोघम वाक्यं मी आता मोजत नाही. फुल सिंथेटिक हा शब्दही एकटा पुरेसा नाही. सिंथेटिक असून राख जास्त असलेली तेलं दुकानात शेजारीच ठेवलेली असतात.

मग उन्हाला काहीच किंमत नाही? आहे, पण या क्रमांकाच्या कुंपणाच्या आत. पुस्तक त्याच मान्यतेत ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही चालतील म्हणत असेल, तर झाशीत मी ४० घेतो. नव्या काही इंजिनांना ०डब्ल्यू-२० लागतं. एवढं पातळ तेल पाहून आमच्याकडचे मिस्त्री कपाळाला हात लावतात. पण त्या इंजिनाचा ऑइल पंप आणि बेअरिंगमधली फट त्याच हिशोबाने केलेली असते. तिथे पुस्तकात मुभा नसेल तर आपली अक्कल चालवू नये.

४. तेलाची पातळी वाढली तर खूश होऊ नका.

माझं जाणं-येणं म्हणजे घर ते गणेश मंदिर, तिथून सदर बाजार, परत घर. प्रत्येक फेरी तीन-चार किलोमीटरची. एवढ्यात इंजिन नीट तापतही नाही. डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते, आणि मध्येच आपण चावी फिरवली की त्यातलं काही तेलात उतरतं. पातळी वर जाते, तेल पातळ होतं. उन्हामुळे तेल पातळ झालं असं मिस्त्रीला वाटत होतं, ते अशा आखूड फेऱ्यांनी झालं होतं. आता दर रविवारी कानपूर रस्त्याने पारीछापर्यंत जाऊन येतो, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. सौ. याला तिथल्या औष्णिक केंद्राची चिमणी बघायची हौस म्हणते.

डिझेलमध्ये तेल काळं पडण्याचा मात्र धसका घेऊ नका. नवं तेल काही दिवसांतच काळं होतं, ते काजळी धरतं म्हणून.

५. बुंदेलखंडात धूळ उन्हापेक्षा वाईट.

क्रशरची भुकटी, खणलेले रस्ते, मे-जूनची लू. एअर फिल्टर मी दर तेलबदलाला बदलतो, नुसता झटकून परत लावत नाही. माझ्या गाडीच्या पुस्तकात तेलाला १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष दिलं आहे; मी १०,००० ला बदलतो, आणि शक्यतो एप्रिलमध्ये.

६. लांबून आल्यावर लगेच चावी फिरवू नका.

ग्वाल्हेरहून वेगात आलात की एखादं मिनिट इंजिन चालू ठेवा. तापलेल्या टर्बोत थांबलेलं तेल करपतं.

७. रिकामा डबा फोडून टाका.

महागड्या तेलाचा रिकामा डबा भंगारात गेला की त्यात काय भरून तो परत येईल, सांगता येत नाही. मी तेल अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घेतो, सील स्वतः तोडतो, आणि निघताना डब्याला पेचकसाने भोक पाडतो. गॅरेजमधली पोरं हसतात. हसू देत.

अकोला, जळगाव, चंद्रपूर इथल्या वाचकांना आमचा उन्हाळा नवा नाही, आणि ‘मोटा घाला’ हा सल्लाही नसावा. आज गाडीच्या पुस्तकातलं तेलाचं पान शोधा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या तेलबदलाला डबा उघडण्याआधी मिस्त्रीला दाखवा.