पी हळद आणि हो गोरी?

'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आपण उतावळ्या माणसाला ऐकवतो. शेतमालाच्या निर्यातीविषयी जे बोलले जाते, त्यात मला हाच उतावळेपणा दिसतो. पीक काढले की परदेशी पैसा आला, इतके ते सोपे नाही. ही गोष्ट मला अर्थशास्त्राच्या तासाला नव्हे, तर गेल्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर हळद विकायला गेलो तेव्हा उमगली.

किनवट तालुक्यात आमची दोन एकर हळद होती. व्यापाऱ्याने पोत्यात हात घातला, एक हळकुंड मोडून पाहिले आणि म्हणाला, "ओल आहे, मातीही आहे." भाव उतरला. शेजाऱ्याचे बेणे तेच, जमीनही तशीच. पण त्यांना भाव अधिक मिळाला. परतताना वडील म्हणाले, "हळद एकच, मग भाव दोन कसे?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम काढणीनंतरच्या कामाचा विचार करू. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून साधारण वीस ते पंचवीस किलोच हळद उरते. शिजवल्याने कंदाची उगवणशक्ती जाते, रंग सारखा होतो व वाळवण लवकर होते. कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होते, जास्त शिजली तर रंग बिघडतो. गड्डे व हळकुंडे जाडीत वेगळी. म्हणून ती निवडून निरनिराळी शिजवावी लागतात. पुढे ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवायचे. शेजाऱ्यांनी निवड केली होती व ताडपत्री अंथरली होती. आम्ही सरमिसळ शिजवून उघड्या जमिनीवर पसरली. दोन भावांचे उत्तर त्या ताडपत्रीवर होते.

जे आमच्या घरी घडले तेच देशाच्या पातळीवर घडते. 2022-23 मध्ये भारतात सुमारे 11.61 लाख टन हळद पिकली; त्यापैकी 1.534 लाख टन निर्यात होऊन 20.74 कोटी डॉलर मिळाले. म्हणजे किलोमागे जेमतेम 1.35 डॉलर! 2030 पर्यंत ही निर्यात 100 कोटी डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले आहे. याच भावाने विकायचे तर सुमारे 7.4 लाख टन, म्हणजे त्या वर्षीच्या पिकाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग बाहेर पाठवावा लागेल. ते शक्य नाही. म्हणून वजन नव्हे, किलोमागचे मोल वाढवले पाहिजे. पूड, तेल, कुरकुमीनचा अर्क यांत ते मोल आहे.

परंतु मोल विश्वासावर उभे असते. हळकुंडे पिवळीजर्द दिसावीत म्हणून लेड क्रोमेट हे शिसेयुक्त विषारी रंगद्रव्य चोळले जात असल्याचे बांगलादेशातील अभ्यासात 2019 मध्ये उघड झाले. असे एक पोते सगळ्या शेतकऱ्यांचे नाव घालवते. नाव राखणेही शिकावे लागते. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले व 1997 मध्ये रद्द करवून घेतले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये आणि आपल्या शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन जानेवारी 2025 मध्ये झाले आणि त्याचे मुख्यालय निजामाबादला, आपल्यापासून फार दूर नाही.

मानांकन ही पाटी आहे. पाटीमागचा माल आपणच सुधारायचा. माझ्या मते गावोगावी तीन गोष्टी एकत्र हव्यात: वाफेवर शिजवण्याचे सामाईक यंत्र, वाळवणीचा पक्का ओटा आणि ओलावा मोजण्याचे साधे उपकरण. एकट्या दोन एकरवाल्याला हे पेलणार नाही. दहा घरांनी मिळून केले तर पेलेल. केंद्राने 2020 मध्ये सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अनुदान ठेवले होते. असे कागद वाचून अर्ज भरून देणे, हे काम आपण विद्यार्थी सुटीत सहज करू शकतो.

यंदा आम्ही ताडपत्री घेतली आहे आणि गड्डे निवडून ठेवले आहेत. एवढ्याने देशाची निर्यात वाढणार नाही, हे मला कळते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याचा माझा विचार नाही. पण पुढच्या खेपेस व्यापारी हळकुंड मोडील तेव्हा वडिलांनी मान खाली घालू नये, एवढे तरी त्यातून साधावे.