शेततळ्याचा कागद कोणाकडून घालून घ्यावा?

पावसाळ्यात शेततळे भरते. दिवाळीपर्यंत पाणी दिसते. संक्रांतीला तळ उघडा पडतो. मग हे पाणी गेले कुठे? थोडे उन्हाने उडाले. बाकीचे जमीन प्याली. मुरमाड जमिनीत असेच होते.

म्हणून शेततळ्याला आतून प्लास्टिकचे अस्तर घालतात. कारखान्यात आणि सरकारी कागदांत त्याला जिओमेंब्रेन म्हणतात. आपण सगळे त्याला शेततळ्याचा कागद म्हणतो. या धड्यातही कागदच म्हणू.

सगळ्याच तळ्यांना कागद लागतो असे नाही. चिकण काळ्या मातीत पाणी बरेच टिकते. मुरलेले पाणी आपल्याच विहिरीला येत असेल, तर ते वाया गेले असेही म्हणता येत नाही. पण उन्हाळ्यात फळबाग जगवायची असेल, तर पाणी डोळ्यांसमोर साठलेले हवे. जालना जिल्ह्यातले कडवंची गाव द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बागांना शेततळ्यांचा मोठा आधार आहे. २०१६ साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली. तेव्हापासून गावोगाव तळी झाली. तळी झाली तसे कागद घालणारे ठेकेदारही पुष्कळ झाले. त्यांत चांगले आहेत आणि नुसते बोलके आहेत. ते ओळखायचे कसे?

आता असे पहा. विहिरीचे बांधकाम वाईट झाले तर दगड हलताना दिसतो. कागदाचे तसे नाही. तळे एकदा भरले की सगळे जोड पाण्याखाली जातात. भोक दिसत नाही. पाणी मात्र जाते. तोवर ठेकेदार पैसे घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. म्हणून जे पाहायचे ते पाणी सोडण्याआधी पाहावे. त्यातलेही बरेचसे पैसे देण्याआधी पाहावे.

धड्यापुरते एक आबा घेऊ. त्यांचे तळे वरून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. अशा तळ्यात जवळजवळ २० लाख लिटर पाणी मावते. आबांची डाळिंबाची बाग त्यावर उभी आहे. कर्ज सोसायटीचे आहे. ठेकेदार दारात आला आणि कोटेशन पुढे केले.

“आबा, रेट बघा. एवढ्यात कोणी करून देणार नाही. बाकीचं माझ्यावर सोडा.”

आबांनी कोटेशन सूनबाईच्या हातात दिले. तिने ते सावकाश वाचले.

“दादा, कागद किती मायक्रॉनचा ते यात लिहिलं नाही. कोणत्या कंपनीचा तेही नाही.”

“वहिनी, पाचशेचाच देतो की!”

“मग तेवढं लिहून द्या. आणि १४०० चौरस मीटर कसे धरले तेही सांगा.”

सूनबाईने बरोबर जागी बोट ठेवले. कोटेशनमध्ये नुसती रक्कम असेल, तर त्या रकमेत काय मिळणार हे कोणालाच कळत नाही. स्वस्त रेटची खोटी बाजू बहुतेक दोन ठिकाणी असते. एक मापात, दुसरी जाडीत.

माप आपण स्वतः घ्यावे. फार अवघड नाही. तळ्याच्या चारी बाजूंना वर एक चर खणतात. अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. कागदाची कड त्यात घालून माती दाबतात. टेप एका चरात धरा. उतारावरून खाली न्या. तळावरून पलीकडे न्या. समोरच्या उतारावरून वर चढवा आणि दुसऱ्या चरात उतरवा. टेप कुठेही अधांतरी ताणू नका, जमिनीला टेकवून न्या. हे झाले एका दिशेचे माप. तसेच दुसऱ्या दिशेचे घ्या. दोन्हींचा गुणाकार करा.

आबांच्या तळ्याचा तळ २१ मीटर आहे. दोन्ही उतार मिळून जवळजवळ ११ मीटर. काठ आणि चर मिळून सुमारे ३ मीटर. एकूण ३५ मीटर. तळे चौरस आहे, म्हणून ३५ गुणिले ३५, म्हणजे १२२५ चौरस मीटर. ठेकेदाराने १४०० लिहिले होते. १७५ चौरस मीटर जास्त! जोडासाठी कागदावर कागद थोडा चढवावा लागतो, हे खरे. पण तो किती, हे त्याने दाखवून द्यावे. रेट कमी आणि माप जास्त, तर रेट कमी कसला?

आता जाडी. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. ३५० आणि ५०० यांतला फरक नुसत्या बोटांना कळत नाही. पण तराजूला कळतो. एचडीपीईच्या अखंड काळ्या कागदाचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा कापा. किराणा दुकानात वजन करा. ५०० मायक्रॉनचा असेल तर ४७० ग्रॅमच्या आसपास भरतो. ३०० मायक्रॉनचा असेल तर २८० च्या आसपास. सगळा मालही तोलता येतो. आबांच्या १२२५ चौरस मीटरचे वजन सुमारे ५७५ किलो झाले पाहिजे. माल आला की आधी काट्यावर न्यावा. थोडा फरक चालतो. पण काटा ४०० वर थांबला, तर कागद ३५० मायक्रॉनचाच आहे असे समजा आणि गाडी परत पाठवा. गावात लेथचा कारखाना असेल तर त्याच्याकडे मायक्रोमीटर असतो. त्यानेही जाडी मोजता येते. एकाच जागी मोजू नका, दहा जागी मोजा.

दुसरा एक कागद विणलेला असतो. पट्ट्यांची वीण आणि दोन्ही बाजूंना लेप. त्याच्यासाठी आय. एस. १५३५१ हे भारतीय मानक आहे. त्याच्या वजनाचा हिशेब निराळा. वरचे आकडे त्याला लावू नका. त्यासाठी कंपनीचे तपासणीपत्र मागा आणि त्यात लिहिलेले वजन तराजूवर ताडून पाहा.

रंगाचेही कारण आहे. कागदात काजळी मिसळलेली असते, म्हणून तो काळा. ही काजळी उन्हापासून कागदाला वाचवते. भंगार प्लास्टिक मिसळलेला कागदही काळाच दिसतो, पण तो लवकर ठिसूळ होतो. पाण्याबाहेर राहिलेला काठाचा भाग आधी तडकतो. म्हणून कंपनीचे नाव, जाडी, मालाचा नंबर, हे सगळे पक्क्या बिलावर हवे. “बिल नको म्हणाल तर थोडं कमी करतो,” असे कोणी म्हणाले तर कमी करू देऊ नका. बिल नसेल तर हमीही नाही. अनुदान घ्यायचे असेल तर काम सुरू करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन या. पूर्वसंमतीच्या आधी केलेले काम पुढे अडचणीत येते.

माल झाला. आता माणूस. ठेकेदार नवे तळे दाखवायला नेतो. नवे तळे सगळ्यांचेच चांगले दिसते. त्याला म्हणावे, चार वर्षांपूर्वी घातलेले दाखवा. तिथे गेल्यावर ठेकेदाराशी बोलू नका, तळ्याच्या मालकाशी बोला. मे महिन्यात पाणी किती राहते? कागद कधी फाटला का? फाटला तेव्हा हा माणूस आला का, की फोन उचलला नाही? फाटलेला कागद जोडून देणारा ठेकेदार हा कधीच न फाटल्याची बढाई मारणाऱ्यापेक्षा बरा, असे माझे मत आहे. कोपरे नीट पाहा. कोपऱ्यात कागदाच्या घड्या कशा बसवल्या यावर कारागिराचा हात कळतो.

आणखी एक विचारा. जोडायचे यंत्र त्याचे स्वतःचे आहे का? ते चालवणार कोण? कित्येक जण काम घेतात आणि दुसऱ्याला देतात. तो तिसऱ्याला देतो. शेवटी आपल्या तळ्यात जो उतरतो त्याला आपण कधी पाहिलेलेच नसते.

जोड हे या कामाचे मर्म आहे. चांगला जोड यंत्राच्या गरम पाचरीने होतो. दोन कागद एकमेकांवर घेतात. यंत्र मधून चालते आणि दोन समांतर रेघांत कागद वितळवून चिकटवते. दोन रेघांच्या मध्ये बारीक पोकळ नळी राहते. ती मुद्दामच ठेवलेली असते. तिची दोन्ही टोके बंद करून पंपाने हवा भरतात आणि दाबाचे घड्याळ लावतात. पाच मिनिटे काटा जागेवर राहिला तर जोड धरला. काटा खाली घसरू लागला तर कुठेतरी गळती आहे. शेवटी पलीकडचे टोक फोडतात. तिथून हवा सुटली म्हणजे नळी सगळीकडे मोकळी होती आणि पूर्ण जोड तपासला गेला.

ठेकेदाराला कामाआधीच सरळ विचारा, “जोड हवा भरून दाखवाल का?” जो “हो” म्हणतो आणि पंप दाखवतो, त्याच्याशी पुढचे बोला. जो हसतो आणि “एवढं कोणी करत नाही” म्हणतो, त्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

पंप नसला तरी एक साधी परीक्षा सगळीकडे होते. कामाच्या सकाळी दोन तुकडे जोडून घ्या. जोडाच्या आडवी बोटभर रुंद पट्टी कापा. दोन पकडींनी ओढा. कागद ताणला किंवा बाजूला फाटला तर हरकत नाही. पण जोडच सालीसारखा सोलून निघाला तर यंत्राची आच किंवा चाल चुकली आहे. दुपारी ऊन वाढले की हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण सकाळची आच दुपारी चालत नाही. कागद ओला किंवा धुळीने माखलेला असेल तर जोडकाम करू देऊ नये.

बोलणे ठरले की ते लिहून घ्यावे. तोंडी शब्द पहिल्या पावसातच वाहून जातात. हमी दोन असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. कागदाची हमी कंपनी देते. जोडाची हमी ठेकेदाराने द्यायची असते. गळती झाली की कंपनी म्हणते जोड वाईट, ठेकेदार म्हणतो कागद वाईट. तिसरे बोट जेसीबीवाल्याकडे जाते, “तळात दगड ठेवले होते.” म्हणून कागद पसरण्याआधी ठेकेदाराला तळ्यात उतरवा. दगड, खुंट, मुळ्या वेचून, माती दाबून झाली की “जमीन पाहिली, पसंत आहे,” असे त्याची सही घेऊन लिहून ठेवा. मग पुढे त्याला दगडाचे नाव घेता येणार नाही.

पैसे एकदम देऊ नका. थोडे ठरवताना द्या. मोठा भाग माल तोलून उतरवल्यावर द्या. काही रक्कम तळे भरेपर्यंत हाती ठेवा आणि तसे आधीच लिहा. चांगला ठेकेदार यावर कुरकुर करील, पण कबूल होईल.

कागद पसरायच्या दिवशी घरचे कोणी तरी हजर हवे. भर दुपारी कागद तापून लांब होतो. ३० मीटर कागद ३० अंशांच्या फरकाने दहा ते अठरा सेंटिमीटर वाढतो. तेव्हा ताणून बसवला, तर रात्री थंडीने आखडतो आणि उताराच्या पायथ्याशी अधांतरी उचलला जातो. वर पाण्याचा भार आला की तिथेच फाटतो. म्हणून थोडा सैल सोडावा आणि चर सकाळच्या गारव्यात बुजवावा. वाऱ्याने उडू नये म्हणून वर वाळूची पोती ठेवावी, दगड ठेवू नयेत. तळ्यात बिडी ओढत उतरणाऱ्याला बाहेर काढावे, मग तो पाव्हणा असला तरी.

आता सगळ्यांत जड गोष्ट. कागदाचा उतार ओला झाला की घसरगुंडी होते. पडलेल्या माणसाला धरायला काही नसते. पोहता येणाराही वर चढू शकत नाही. अशा तळ्यांत पाय धुवायला गेलेली मुले बुडाली आहेत, त्यांना काढायला उतरलेली मोठी माणसेही बुडाली आहेत. म्हणून चारी बाजूंना गाठी मारलेले दोर काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधून पाण्यात सोडावे. फुगवलेल्या ट्यूब तरंगत ठेवाव्या. भोवती कुंपण आणि कुलपाचे दार हवे. दोर आणि कुंपण कोण करणार, हे ठेक्यातच लिहा. ठेकेदार “ते नंतर बघू” म्हणाला तर पाणीही नंतरच सोडा.

पाणी सोडताना पाइपाची धार थेट कागदावर पडू देऊ नये. तिथे कागदाचा आणखी एक तुकडा घालावा. तळे भरले की बादलीची परीक्षा घ्या. एक बादली पाण्याने भरून तळ्यातच उभी राहील अशी काठाला बांधा. बादलीच्या पाण्याला खूण करा, तळ्याच्या पाण्यालाही करा. पाऊस नसताना आठ दिवसांनी पाहा. ऊन दोन्हीकडे सारखेच पडते. दोन्ही पाणी सारखेच उतरले असेल तर ते उन्हाने नेले. तळ्याचे जास्त उतरले असेल तर तेवढी गळती. आबांच्या भरलेल्या तळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ९ हजार लिटर. गळती असलीच तर पाणी उतरत उतरत एका जागी थांबते. भोक बहुतेक त्याच रेषेवर असते. त्या रेषेने काठाकाठाने फिरा, जागा सापडली की खूण करा आणि ठेकेदाराला बोलवा. तो यंत्र घेऊन येईल, जागा कोरडी करून ठिगळ लावील. पुन्हा आठ दिवस बादली पाहा, आणि मग त्याचे राहिलेले पैसे पावती घेऊन देऊन टाका.