तीमारदार नसलेला रुग्ण

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी परततो तेव्हा त्याचा विकार बहुधा दूर झालेला असतो, जखम मात्र भरून आलेली नसते. टाके साधारणतः ७ ते १० दिवसांत काढले जातात; तथापि त्या वेळी जखमेच्या जागी मूळ त्वचेच्या बळकटीचा अगदी अल्प अंश आलेला असतो. तीन आठवड्यांनी हे बळ २० ते ३० टक्क्यांपर्यंत पोचते आणि तीन महिन्यांनंतरही ते ८० टक्क्यांच्या पलीकडे सहसा जात नाही. रुग्णालय मात्र रुग्णाला काही दिवसांतच निरोप देते. दुर्बिणीतून पित्ताशय काढले असेल, तर पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी. यात निष्काळजीपणा आहे असे नव्हे. अंथरुणावर पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसांत कफ साचतो. म्हणून लवकर उठणे व चालणे हितावहच होय. उरलेली शुश्रूषा घरचे कोणीतरी करील, हे यात गृहीत धरलेले असते.

दिल्लीच्या रुग्णालयांत या ‘घरच्या कोणा’ला तीमारदार असे नाव आहे. फारसीत तीमार म्हणजे काळजी, देखभाल. (आपल्या ‘शुश्रूषा’ शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे, हे जाता जाता सांगण्याजोगे आहे.) औषधे आणणे, रक्ताचे नमुने पोचवणे, रांगेत उभे राहणे, रुग्णाला कूस बदलायला मदत करणे ही सारी कामे त्याची. या प्रथेचे एक कारण जुन्या टंचाईत शोधता येईल. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. पुढे परिचारिकांची संख्या खूपच वाढली, पण नातेवाइकांवर विसंबण्याची सवय मात्र गेली नाही. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या झज्जर येथील कर्करोग केंद्रात २०२१ साली ८०६ खाटांचे विश्रामसदन उघडण्यात आले, ते रुग्णांबरोबर येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. सोय निःसंशय मोलाची आहे. परंतु ज्याच्याबरोबर कोणीच आलेले नाही, त्याचा विचार तिच्यातही होत नाही.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या पट्ट्यात अशी माणसे थोडी नाहीत. कोणी नोकरीसाठी दूरच्या प्रांतातून आलेला असतो, कोणाची मुले परदेशी असतात. गच्चीवरच्या बरसातीत भाड्याने राहणाऱ्याला तीन मजल्यांचा जिना हीच पहिली परीक्षा ठरते. दुसरी परीक्षा पाण्याची. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे २० किलो वजन. आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड वस्तू उचलू नये, असे प्रत्येक डॉक्टर बजावतो. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या वस्तीत भरलेली बादलीही तितकीच घातक. तेव्हा जाण्यापूर्वीच पाणी लहान भांड्यांत भरून ठेवावे. डाळ-तांदूळ, औषधे, दूरध्वनी कमरेच्या उंचीवर मांडावेत. उठताना सरळ उठू नये. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातांच्या आधाराने बसावे. खोकला आल्यास उशी पोटाशी दाबून धरावी.

संपूर्ण भूल दिल्यानंतरचे पहिले २४ तास कोणी प्रौढ व्यक्ती सोबत असावी, असा नियम आहे. सोबत नसेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगून एक रात्र रुग्णालयात राहण्याची मागणी करावी. संकोचाने पुष्कळजण ‘भाऊ येणार आहे’ असे खोटेच सांगतात.

एकट्या रुग्णाची खरी उणीव पाहणाऱ्या डोळ्यांची असते. ताप चढला, चेहरा उतरला, बोलणे असंबद्ध झाले, हे दुसऱ्यालाच आधी कळते. म्हणून सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवावा आणि ठरलेल्या वेळी कोणाशी तरी बोलावे. तो दूरध्वनी चुकला, तर समोरच्याने चौकशी करावी असे ठरवून ठेवावे. जखमेतून पू येणे, भोवतालची लाली पसरणे, एकाच पायाची पोटरी सुजणे, उलट्या न थांबणे या लक्षणांत दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. श्वास लागल्यास तर क्षणाचाही विलंब करू नये. रुग्णवाहिकेसाठी दिल्लीत १०२, तर उत्तर प्रदेशाच्या हद्दीतील नोएडा व गाझियाबादमध्ये १०८ हा क्रमांक आहे. दाराला आतून कडी घालू नये. कुलूप लावावे आणि त्याची दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी.